ते आमचं ऐकतच नाहीत

मध्यस्थी केंद्रात आलेल्या माणसाच्या हातात आम्ही आधी एक फॉर्म ठेवतो. नाव, पत्ता, समोरच्या पक्षाचं नाव आणि मग तीन रेघांची मोकळी जागा : ‘वादाचे स्वरूप थोडक्यात लिहा.’ थोडक्यात कुणीच लिहीत नाही. वाद समासात शिरतो, पाठकोऱ्या बाजूवर उतरतो, टाचणीने जोडलेल्या चार कागदांवर पसरतो. तारखा, वेळा, कोण जिन्यात कुणाला काय म्हणालं. सात वर्षं हे फॉर्म वाचतेय. भिंतीतली ओल असो, कुत्र्याचं भुंकणं असो की गाडी लावायची जागा, कुठे ना कुठे एक वाक्य ठरलेलं : ‘कितीदा सांगितलं, पण ते आमचं ऐकतच नाहीत.’

‘ऐकणे’ हे मराठीतलं मोठं लबाड क्रियापद आहे. कानावर पडलेलं समजून घेणं म्हणजे ऐकणं आणि सांगितलं तसं वागणं म्हणजेही ऐकणंच. आई ‘माझं ऐक’ म्हणते तेव्हा तिला श्रोता नको असतो. ‘पोरगं अजिबात ऐकत नाही’ म्हटल्यावर कुणी त्याचे कान तपासायला नेत नाही. आमच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले शेजारी या दुसऱ्या अर्थाचं ऐकणं मागायला आलेले असतात. यांना माझं ऐकायला लावा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि आमच्याकडे द्यायला असतं ते फक्त पहिल्या अर्थाचं. दुकानात एक वस्तू मागावी आणि दुसरीच पुढे यावी तसे ते पहिली दहा मिनिटं आमच्याकडे बघतात.

मी यात आले तेव्हा घरच्यांची प्रतिक्रिया एका ओळीची होती : ‘लोकांच्या भांडणात तू कशाला मध्ये पडतेस?’ बघा, आपल्याकडे भांडणात मध्ये ‘पडतात’. उभं कुणी राहत नाही. मिटवायचं म्हटलं तरी पडतं घ्यायचं, नमतं घ्यायचं, माघार घ्यायची. सगळे वाक्प्रचार वाकणारे. मग कोण कशाला आपण होऊन येईल? ‘मध्यस्थी’ हा शब्द त्या मानाने ताठ, पण पुस्तकी. लोक ‘तडजोड’ म्हणतात आणि म्हणतानाच तोंड वाकडं करतात. ‘मांडवली’ म्हटलं की कुणीतरी दम दिला आणि कुणीतरी पैसे खाल्ले असा वास येतो. लवाद वेगळा, तो दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो. आम्ही निवाडा देत नाही, हे मला चाळीस तासांच्या प्रशिक्षणात इतक्यांदा सांगितलं गेलं की मला ते कळलंय असंच मी धरून चालले होते.

ते कळलं नव्हतं हे कळायला एक गाडी लावायची जागा पुरली. दोन घरं, सामाईक जागा एक, गाड्या दोन. दोन्ही घरचे लोक समंजस. मी हिरिरीने कागद ओढला, उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि आठवड्याचं वेळापत्रक करून टाकलं. सोमवार-बुधवार-शुक्रवार यांचे, मंगळवार-गुरुवार-शनिवार त्यांचे, रविवार आलटून पालटून. पंचवीस मिनिटांत सह्या. मी त्या दिवशी स्वतःवर फार खूष होते. तीन आठवड्यांनी दोघं परत आले, तेही एकत्र. ‘मॅडम, तुमच्या वेळापत्रकात पाच रविवारांच्या महिन्याचं काय ते लिहिलेलंच नाही.’ तुमच्या वेळापत्रकात! भांडण त्यांचं, जागा त्यांची, आणि वेळापत्रक माझं. एक मान्य केलं पाहिजे, माझ्यावर चिडण्याच्या मुद्द्यावर त्यांची पूर्ण एकी झाली होती.

आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ मध्यस्थ तेव्हा म्हणाले, ‘तू त्यांचं भांडण उचलून घरी घेऊन गेलीस. आता ते मागायला आलेत.’ मला वाटलं, टोमणा आहे. पुढे निल्स क्रिस्टी या नॉर्वेच्या गुन्हेशास्त्रज्ञाचा १९७७ सालचा निबंध वाचला, तर त्यात अगदी हेच. भांडण ही मालमत्ता आहे, असं क्रिस्टी म्हणतो. ज्यांचं भांडण त्यांची ती. आणि वकील, न्यायाधीश, तज्ज्ञ मंडळी ती त्यांच्याकडून काढून घेतात. वकिलांना तर तो सरळ चोरांच्या रांगेत बसवतो. निबंधाची सुरुवात टांझानियातल्या अरुशाजवळच्या एका खेड्यातल्या खटल्याने होते. तिथे वादी-प्रतिवादी मधोमध आहेत, सगळं गाव भोवती आहे आणि न्यायाधीश मात्र जवळपास गप्प आहेत. भांडणातूनच माणसांना आपसात काय चालतं आणि काय नाही हे ठरवण्याची संधी मिळते. भांडण दुसऱ्याने सोडवून दिलं की ती संधीही गेली, असं त्याचं म्हणणं. ते वाचताना मला माझ्या उभ्या-आडव्या रेघा आठवत होत्या. नॉर्वेत लिअर या गावी १९८१ मध्ये अशा मध्यस्थीचा प्रयोग सुरू झाला आणि १९९१ मध्ये त्याचा कायदा झाला. तिथले मध्यस्थ कायदेपंडित नसतात, साधे नागरिक असतात.

सत्तरच्या दशकात ही कल्पना बऱ्याच ठिकाणी डोकं वर काढत होती. सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ मध्ये रेमंड शोनहोल्ट्झ यांनी कम्युनिटी बोर्ड्स सुरू केली. त्यात वस्तीतल्याच माणसांना शिकवून त्यांच्यापुढे शेजाऱ्यांचे वाद ठेवले जात. फिलिपिन्सने १९७८ मध्ये वस्तीपातळीवरच्या समेटाची पद्धत कायद्यात बसवली आणि तिथे एक नियम असा आहे, जो मला मनापासून आवडतो : पक्षकाराने स्वतः यायचं, वकील आणायचा नाही. अल्पवयीन वगैरे असेल तर नातेवाईक सोबत येऊ शकतो, पण तो नातेवाईकसुद्धा वकील नसावा! नियम लिहिणाऱ्याने आधी बरंच काही भोगलं असणार.

आता ज्या वादाबद्दल मला मुळात लिहायचं आहे तो सांगते. खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं हा आमचा पहिला नियम, त्यामुळे ओळख पटेल असं सगळं बदललंय. खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ, त्यांच्या डोक्यावरच्या घरात तिशीतली एक बाई. ती रात्री उशिरापर्यंत घरून काम करते. गृहस्थांची तक्रार : रात्री खुर्ची ओढल्याचा आवाज. बाईची तक्रार : हे काठीने छत ठोकतात.

गृहस्थ वही घेऊन आले होते. पुठ्ठ्याची, दोनशे पानी. चार महिन्यांची नोंद. तारीख, वेळ, आणि आवाजाला खूण. ‘ख’ म्हणजे खुर्ची, ‘प’ म्हणजे पावलं, ‘अ’ म्हणजे अज्ञात. अक्षर इतकं सुबक की बघत राहावं. असा पुरावा समोर आला की माझ्यातली न्यायाधीश सावरून बसते. तिला मी अजून पुरती बाहेर काढू शकलेले नाही.

पद्धत अशी : आधी एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मध्ये तोडायचं नाही, मग उलट. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या तोंडून आपली खोटी (म्हणजे आपल्याला खोटी वाटणारी) गोष्ट आठ मिनिटं गप्प बसून ऐकणं ही शारीरिक कसरत आहे. माणसं खुर्चीची कड धरतात, पेनाचं टोपण काढतात-घालतात, श्वास सोडतात. म्हणून आम्ही प्रत्येकापुढे कोरा कागद ठेवतो, सुचलं ते लिहून ठेवा म्हणतो. त्या कागदांवर पुढे बघावं तर क्वचितच मुद्दे असतात. बहुतेक वेळा गिरवून गिरवून फाटत आलेली एखादी रेघ असते.

दोघांचं बोलून झाल्यावर बाई म्हणाली, ‘ती वही मी बघू का?’

गृहस्थ क्षणभर अडखळले, मग त्यांनी वही सरकवली. तिने सावकाश पानं उलटली. आम्ही दोघं मध्यस्थ गप्प. एका पानावर ती थांबली. ‘या आठवड्यात मी इथे नव्हते. गावीच नव्हते. घर बंद होतं.’ त्या आठवड्यात सहा ‘ख’ होते.

खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते, कारण तीत माझ्या जिभेवर एक पूर्ण वाक्य तयार होतं. ‘म्हणजे आवाज यांच्या घरातून येत नव्हता, बरोबर?’ एवढं बोलले असते की निकाल लागला असता. बाई जिंकली असती, गृहस्थ वही मिटून घरी गेले असते, आणि रात्री छत आणखी जोराने वाजलं असतं. हे शहाणपण माझं नव्हे. शेजारी बसलेल्या सहमध्यस्थाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला होता.

मग गृहस्थच बोलले. ‘आवाज कुठून येतो ते झोपेत कळत नाही. तुम्ही वर असता एवढं माहीत असतं.’

ती म्हणाली, ‘मग बेल वाजवायची ना. सोसायटीला पत्र कशाला दिलंत? माझं नाव सभेत वाचून दाखवलं. चाळीस माणसांसमोर.’

फॉर्मवर हे कुठेच नव्हतं. तिने छत ठोकण्याबद्दल दीड पान लिहिलं होतं आणि सभेबद्दल एक अक्षर नाही. हे असं वारंवार होतं. तक्रार कशाची आहे हे माणूस लिहितो. ती आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आली, हे लिहीत नाही. ठसठसत असते ती वाट.

‘बेल वाजवली होती,’ गृहस्थ म्हणाले. ‘दोनदा. तुम्ही कानात ते घालून बसलेल्या असता.’

बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. ती कामाच्या वेळी हेडफोन लावून बसते, हे खरंच होतं. ‘ऐकतच नाहीत’ हे वाक्य गृहस्थांच्या फॉर्मवर होतं, आणि ते इतकं अक्षरशः खरं असेल असं मला वाटलं नव्हतं.

इथून पुढचं सगळं फार सपक आहे आणि सपक असलं तरच ते टिकतं, असा माझा अनुभव. खुर्चीच्या पायांना रबरी बुचं. रात्री अकरानंतर त्रास झाला तर काठी नाही, मोबाइलवर मेसेज. ज्या सभेत पत्र वाचलं गेलं तशाच पुढच्या सभेत दोघांच्या सहीचं एक पत्र वाचायचं की वाद आपसात मिटला आहे. ही अट बाईची, आणि तिच्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. वही बंद करा असं मात्र ती म्हणाली नाही. गृहस्थ आपण होऊन म्हणाले, ‘वही मी चालूच ठेवणार.’ ती म्हणाली, ‘ठेवा. पण खात्री नसेल तर “अ” लिहा.’ हे कलमही आम्ही करारात घातलं. त्यांच्याच शब्दांत, कारण वेळापत्रकाची अद्दल मी विसरले नव्हते.

प्रशिक्षणात अशा जागी मेरी पार्कर फॉलेट यांची खिडकी हमखास निघते. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. बाईंना अंगावर झोत नको होता, दुसऱ्याला खोलीत हवा हवी होती, दोघांचंही झालं. १९२५ मधल्या एका व्याख्यानात त्यांनी हे सांगितलं आणि वर स्पष्ट केलं की ही तडजोड नव्हे, कुणालाच काही सोडावं लागलं नाही. उदाहरण सुंदर आहे. फक्त माझ्या वाट्याला आलेल्या वादांमध्ये शेजारची खोली रिकामी असल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

आणि सगळेच वाद या टेबलावर यावेत असंही नाही. हे लिहिताना एक फाइल डोळ्यांपुढे येते. भाऊ-बहीण, वडिलोपार्जित घर, वापराचा वाद. भाऊ बोलका, बहीण हसरी. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याआधी ती भावाकडे बघायची. मी ते पाहिलं आणि त्याला माया समजले. वेगळं बोलायची वेळ आली तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला : त्याच्यासमोर सांगता येणार नाही असं काही आहे का? ती म्हणाली, ‘हे तुम्ही त्याला सांगाल?’ मी म्हटलं, तुमच्या परवानगीशिवाय नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘नाही, काही नाही.’ दोन तासांत करार झाला. वर्षभर ती फाइल मी नव्या मध्यस्थांना नमुना म्हणून दाखवत होते. मग एक दिवस बहीण कराराची प्रत मागायला आली. तिच्या वकिलाला हवी होती. काउंटरवर मीच होते. तिने मला ओळखलं, हसली, प्रत घेतली आणि गेली. एक शब्दही तक्रारीचा नाही. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

घाबरलेला माणूस पटकन सही करतो. आता आम्ही दोन्ही पक्षांना एकत्र बसवण्याआधी वेगवेगळं भेटतो आणि भीतीबद्दल सरळ विचारतो. घरात मारहाण असेल तर ते प्रकरण आमचं नाहीच. तिथे ‘दोन्ही बाजू’ म्हणणं हाच एका बाजूवर अन्याय. लॉरा नेडर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सलोख्याच्या सक्तीबद्दल अनेक वर्षं लिहीत होत्या. वाद नकोच, सगळं गोडीगुलाबीने मिटवा, हा आग्रह दुबळ्याला गप्प करायचं साधन होऊ शकतो, हा त्यांचा रोख. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तंटे मिटवणाऱ्या गावांना शासनाने बक्षिसं दिली. कितीतरी वर्षानुवर्षांचे बांधाचे वाद त्यात बसून बोलून संपले असतील. पण गावाचं बक्षीस अडलंय म्हटल्यावर ‘माझा तंटा अजून मिटलेला नाही’ असं सभेत उभं राहून कोण म्हणेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तंटामुक्त’ हा शब्दच मला जरा घाबरवतो. त्या बहिणीचं घर कागदोपत्री तंटामुक्तच होतं.

लोक विचारतात, या कराराला काय किंमत? मोडला तर? देशोदेशी उत्तर वेगळं आहे. फिलिपिन्समध्ये समेट झाल्यावर दहा दिवसांत, दबावाखाली वा फसवून झाला असं सांगून, तो नाकारता येतो. नाकारला नाही तर त्याला न्यायालयाच्या अंतिम निकालाचं बळ येतं. हे दहा दिवस मला त्या बहिणीसाठी हवे होते. श्रीलंकेच्या १९८८ च्या कायद्यात ठरावीक लहान वाद आधी मध्यस्थ मंडळापुढे न्यावेच लागतात, त्याशिवाय न्यायालयाचं दार उघडत नाही. सिंगापूरने १९९८ मध्ये पहिलं सामुदायिक मध्यस्थी केंद्र काढलं आणि २०१५ मध्ये शेजाऱ्यांच्या वादांसाठी वेगळं न्यायाधिकरणही नेमलं, कारण नुसत्या बोलण्याने सगळं भागत नाही.

आपल्याकडच्या मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या भागातल्या रहिवाशांची वा कुटुंबांची शांतता, सलोखा बिघडवू शकेल असा वाद, दोन्ही पक्षांची आधी संमती असेल तर, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे न्यायचा. मंडळावर कोण असावं तर परिसरात मान असलेली माणसं, रहिवासी संघटनांचे प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेले. आणि मग ते वाक्य येतं : झालेला करार शांतता राखण्यासाठी आहे, दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी करता येणार नाही. माझे वकील मित्र या वाक्यावर हसतात. ‘म्हणजे कागदच की!’

कागदच. पण बुचं लावलीत की नाही हे बघायला बेलिफ पाठवायचा का? हुकूमनामा मिळवलेला माणूस आणि हुकूमनामा झेललेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जिन्यात भेटणार असतात. त्या जिन्याबद्दल हुकूमनाम्यात काही नसतं. पूर्वसंमतीच्या अटीबद्दल मात्र माझं मत डळमळलंय. पूर्वी मी स्वखुशीची कट्टर बाजू घ्यायचे. पण आमचे कितीतरी वाद समोरच्याने आमच्या बोलावण्याचं पाकीटच न उघडल्यामुळे सुरूही होत नाहीत, तेव्हा श्रीलंकेचा नियम बरा वाटायला लागतो. मग ती बहीण आठवते आणि मी पुन्हा कुंपणावर.

करारानंतर तीन महिन्यांनी आम्ही दोन्ही पक्षांना फोन करतो. वरच्या बाईंचा फोन लागला नाही. खालच्या गृहस्थांनी पहिल्याच घंटेला उचलला.

‘आवाज येतो का हो अजून?’

‘येतो की. कमी झालाय असं मी म्हणणार नाही.’

‘मग मेसेज करता का?’

‘दोनदा केला. त्यांनी उत्तर दिलं. एका पायाचं बूच निघालंय म्हणाल्या, आणते म्हणाल्या.’

‘आणि वही?’

‘चालू आहे. “अ” फार वाढलेत.’ थोडं थांबून म्हणाले, ‘बहुतेक पाण्याचा पाइप आहे. त्यांनाही तसंच वाटतं.’

फोन ठेवला. फॉर्मच्या शेवटी दोन चौकटी असतात, ‘वाद मिटला’ आणि ‘वाद मिटला नाही’. मी पेन घेऊन बराच वेळ बसले होते. मग फाइल तशीच खणात ठेवली आणि आणखी तीन महिन्यांनंतरची तारीख वर लिहिली.